मोहफुलं घेताना काय करावे, काय टाळावे

बिअरच्या माल्टसोबत तपासणीपत्रक येतं: ओलावा, अर्क, रंग, स्टार्चची साखर करण्याची ताकद. भंडारा जिल्ह्यात साकोली-लाखनीकडे मोहफुलांचं पोतं घेताना असा कागद कुणी देत नाही. लाडवासाठी, सरबतासाठी माल घ्यायचा तर तपासणी आपल्याच हातांनी करायची.

काय करावे

• आधी ओलावा बघा. माल्टमध्ये तो साधारण ४ ते ५ टक्के असतो; उन्हात वाळलेल्या मोहात बराच जास्त. मूठभर फुलं दाबून सोडा. सुटी झाली तर ठीक, गोळा राहिला तर माल ओला. २० टक्के ओलाव्याच्या १०० किलोंत कोरडा माल ८० किलो, १२ टक्क्यांच्या मालात ८८. भाव तोच दिलात, तर आठ किलोंच्या जागी पाण्याचे पैसे मोजलेत.

• नेमकं कळायला हवं असेल तर १०० ग्रॅम फुलं मंद आचेवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. जितके ग्रॅम घटले तितके टक्के ओलावा. आच वाढवू नका, साखर करपते.

• वास घ्या. गोड, दाट वास हवा. आंबूस वास आला तर फुलं पोत्यातच आंबायला लागली आहेत.

• मूठभर फुलं ग्लासभर पाण्यात घोळवा. तळाशी वाळू बसली तर माल उघड्या मातीवर वाळवलेला.

• जमेल तिथे वेचणाऱ्यांकडूनच घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क त्यांना दिला आहे. चांगल्या वाळवणाचा जास्तीचा पैसा त्यांच्याच हाती पडायला हवा.

काय टाळावे

• माल्टचे सगळे निकष मोहाला लावू नका. माल्ट बार्लीचा, आणि बार्लीत स्टार्च असतो. मोड आणून, मग गरम पाण्यात भिजवून त्याची साखर करावी लागते. मोहात साखर आयतीच असते.

• परवान्याशिवाय घरी दारू करू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हा आहे.

• झाडाखाली जाळ लावून वेचलेली फुलं घेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये पाचोळा जाळून जागा मोकळी केली की फुलं दिसतात सहज, पण तोच जाळ वणवा होऊन कोका, नागझिऱ्याच्या रानात शिरू शकतो. मोहाची कोवळी रोपं जळतात, म्हणजे पुढची झाडंच जातात. राख आणि धुराचा वास लागलेला माल सरळ परत करा. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी अंथरणाऱ्याला दोन रुपये जास्त द्या.

• पावसाळ्यात गोणपाटात ठेवू नका. साखर हवेतली ओल ओढते आणि बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा वापरा, आणि भरण्याआधी फुलांना एक कडक ऊन द्या.