जुन्या बिडाच्या नळास नव्या नहाणीची जोडणी

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडे जमिनीत मुरलेले पाणी शंभराहून अधिक कुंड्यांतून व त्यांना जोडणाऱ्या भुयारातून उताराने वाहत येते. 1615 साली, अब्दुल रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत ही योजना झाली. अशा गावी सांडपाण्याचा गळका सांधा हा केवळ घरमालकाचा प्रश्न राहत नाही. झिरपलेले पाणी भूजलात मिसळू शकते.

जुन्या इमारतींत सांडपाण्याचे उभे नळ बहुधा बिडाचे असतात. त्यांच्या सांध्यांत ताग ठासून वर शिसे ओतलेले असते. त्यांस शॉवरच्या नव्या नहाणीचा प्लास्टिक नळ सिमेंटने चिकटविण्याची पद्धत आढळते. ती चुकीची होय. प्लास्टिक उष्णतेने बिडापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते, गार होताच आकुंचन पावते, आणि ताठर सिमेंट अखेर तडकते. तेथे दोन्ही नळांच्या मापाचा रबरी कड्याचा जोड वापरावा.

बीड ठिसूळ असते. ते हातोड्याने फोडू नये, करवतीनेच कापावे. तत्पूर्वी वरच्या भागास भक्कम आधार द्यावा, एरवी सगळा उभा नळ खाली सरकण्याचा धोका असतो. घाईत नेमके हेच विसरले जाते.

नहाणी ट्रॅपमध्ये किमान 50 मिलिमीटर पाणी अडून राहावे. त्यामुळेच गटाराची दुर्गंधी घरात शिरत नाही. आडव्या नळास दर 40 सेंटिमीटरला 1 सेंटिमीटर उतार पुरतो. पावसाच्या पाण्याच्या नळास ही जोडणी करू नये. फरशी बसविण्यापूर्वी चार बादल्या पाणी ओतून सांधा कोरडा राहतो की नाही, हे हाताने चाचपून पाहावे.