स्वयंपाकघरांतील विजेची छोटी भट्टी : तिची जागा व तिचा उपयोग

भाजण्याची विद्या आपल्या प्रांतास नवी नाहीं. गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेले रोडगे आणि पानांत गुंडाळून भाजलेले पानगे वऱ्हाड-नागपुराकडील माणसास कोणी शिकवावयास नकोत. तव्यावरील भाकरीस उष्णता केवळ खालून लागते. रोडग्यास ती चोहोंकडून लागते. हेंच काम बंद पेटींत विजेच्या साहाय्यानें करणारें यंत्र म्हणजे टोस्टर ओव्हन होय. बाजारांत त्यास बहुधा ‘ओ.टी.जी.’ म्हणतात, आपण त्यास विजेची छोटी भट्टी म्हणूं.

शहापुरासारख्या गांवींही आतां अशी भट्टी घरांत येऊं लागली आहे. ती विकत घेतांना किंमत फार काळजीनें विचारली जाते; परंतु ती ठेवावयाची कोठें, हा प्रश्न मात्र घरीं आल्यावर सुचतो, आणि मग जेथें रिकामी जागा दिसेल तेथें ती बसते. यांत धोका आहे. म्हणून ती तापते कशी हें प्रथम पाहूं, आणि त्यावरूनच तिचे नियम काढूं. नुसता पाठ केलेला नियम विसरतो. कारण समजलेला नियम सहसा विसरत नाहीं.

भट्टी तापते कशी ?

तारेंतून विजेचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे तार तापते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० च्या सुमारास प्रयोगांनीं सिद्ध केलें. परंतु साधी तार लाल होईपर्यंत तापविली तर ती हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून लवकरच तुटते. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूनें ही अडचण दूर केली. अमेरिकेंतील आल्बर्ट मार्श यांस १९०६ सालीं या धातूचें पेटंट मिळालें. तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो, व तोच आंतील धातूचें रक्षण करतो.

भट्टींत अशा तापणाऱ्या कांड्या वर व खालीं असतात. पदार्थास उष्णता तीन मार्गांनीं पोंचते : कांड्यांपासून सरळ किरणांनीं, तापलेल्या हवेच्या अभिसरणानें आणि ट्रेच्या पत्र्यांतून वहनानें. पेटी लहान असल्यामुळें किरणांचा मार्ग फार जवळचा होतो. म्हणूनच उंच पाव वरून करपतो व आंत कच्चा राहतो. असा पदार्थ खालच्या खांचेवर ठेवावा, हा नियम येथूनच निघतो.

उष्णता मर्यादेंत ठेवण्यासाठीं दोन धातूंची एक जोडपट्टी असते. तापल्यावर दोन्ही धातू सारख्या वाढत नाहींत. त्यामुळें पट्टी वाकते व प्रवाह तुटतो. निवल्यावर ती सरळ होते व प्रवाह पुन्हां सुरू होतो. भट्टीचा दिवा मधूनच विझला तर ती बिघडली असें समजूं नये.

आणखी एक गोष्ट. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतें. म्हणून उकडलेला पदार्थ त्याहून फारसा तापत नाहीं व तांबूसही होत नाहीं. कोरड्या उष्णतेंत पृष्ठभाग सुमारें १४० अंशांपुढें गेला म्हणजे प्रथिनें व शर्करा यांची परस्परांवर क्रिया होऊन तो खमंग वास व तांबूस रंग येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनीं १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें.

जागा कशी निवडावी ?

(१) *हवा.* भट्टीचा बाहेरचा पत्राही हात भाजण्याइतका तापतो. सर्व बाजूंनीं निदान चार इंच व वर त्याहून अधिक जागा मोकळी असावी; सोबतच्या पुस्तिकेंत अधिक सांगितली असल्यास तेंच प्रमाण मानावें. लांकडी फळी, पडदा, तेलाची बाटली व प्लॅस्टिकचे डबे जवळ नकोत. भट्टीच्या माथ्यावर कांहींही ठेवूं नये. ती फडताळ नव्हे.

(२) *पाणी.* मोरी, नळ व माठ यांपासून ती दूर असावी. ओल्या हातानें खटका दाबूं नये.

(३) *गॅस.* शेगडी व सिलिंडर यांच्या शेजारीं भट्टी कधींही नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो, आणि वर सांगितलेली जोडपट्टी प्रवाह जोडतांना-तोडतांना ठिणगी पाडूं शकते. गॅसचा वास आला तर कोणताही खटका लावूं नये व बंदही करूं नये. रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या.

(४) *बैठक.* सपाट दगडी ओटा सर्वांत उत्तम. प्लॅस्टिकचें मेज, मेणकापडाचें आच्छादन किंवा फ्रिजचा माथा या जागा वर्ज्य होत.

(५) *उंची.* भट्टीचें दार बहुधा खालीं उघडतें. तें उघडल्यावर समोर उभे राहण्यास जागा असावी, आणि लहान मुलाचा हात तेथवर पोंचूं नये. वायर ओट्याच्या कडेवरून लोंबती ठेवूं नये. रांगतें मूल प्रथम तीच ओढतें.

विजेचा हिशेब

आपल्या घरीं येणारी वीज २३० व्होल्टची असते. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे ॲम्पियर. १३८० वॅटची भट्टी ६ ॲम्पियर प्रवाह घेते. म्हणजे लहान सॉकेटची मर्यादा तेथेंच संपली. यास्तव भट्टीसाठीं १६ ॲम्पियरचें मोठें सॉकेट असावें, व त्याची वायरही तितकीच जाड असावी. दिवे व पंखे यांसाठीं वापरावयाच्या लांबत्या वायरीच्या पेटीवर ती कदापि लावूं नये. भिंतींतील किंवा पेटींतील बारीक तार भट्टीपेक्षां आधीं तापेल.

प्लगची तिसरी जाड पिन जमिनीशीं जोडणीसाठीं, म्हणजे अर्थिंगसाठीं, असते. आंतील तार सुटून पत्र्यास लागली, तर प्रवाह या मार्गानें जमिनींत जातो व फ्यूज किंवा एम.सी.बी. तुटून माणूस वांचतो. जुन्या घरांत तिसरें भोंक दिसतें, पण त्यामागें कधीं कधीं तारच नसते! भट्टी आणण्यापूर्वीं वायरमनकडून एवढी परीक्षा अवश्य करवून घ्यावी.

व्होल्ट कमी झाले तर काय होतें? उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. २३० चे १८० झाले म्हणजे उष्णता सुमारें ६१ टक्केच राहते. म्हणून पुस्तकांतील मिनिटांवर विसंबूं नये. पदार्थ डोळ्यांनीं पाहावा.

खर्चही काढतां येतो. १२०० वॅटची भट्टी अर्धा तास चालली तर फार झालें तर ०.६ युनिट वीज लागते. पट्टी मधून मधून प्रवाह तोडते, म्हणून प्रत्यक्षांत कांहींशी कमीच. परंतु एकाच पापडासाठीं सारी पेटी तापविणें हा अपव्यय होय. वांगीं, रताळीं, शेंगदाणे असे पदार्थ एकामागून एक भाजून घ्यावे.

भांड्यांविषयीं सावधगिरी

भंडारा हें पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव. म्हणून ही सूचना आपल्यास विशेष लागू आहे. कल्हईचें कथिल २३२ अंशांस वितळतें, आणि भट्टीचा कांटा २५० पर्यंत जातो. कल्हई केलेलें भांडें आंत ठेवलें तर कल्हई वितळून सरकेल, आणि पुढें त्यांत दहीं किंवा चिंच घातली तर उघड्या पितळेंतील तांबें अन्नांत उतरेल. कल्हईचीं भांडीं भट्टींत नकोतच. पोलाद, ॲल्युमिनियम व उष्णता सोसणारी कांच चालते. तापलेल्या कांचेवर मात्र गार पाणी पडूं देऊं नये. ‘मायक्रोवेव्हसाठीं’ असें लिहिलेलें प्लॅस्टिकही येथें वितळेल, कारण त्या यंत्राची रीत अगदीं निराळी आहे.

वापरतांना

नवी भट्टी प्रथम रिकामी दहा-पंधरा मिनिटें खिडक्या उघडून तापवावी. तळाच्या ट्रेमधील चुरा व तेल भट्टी निवल्यावर नेहमीं काढावें. आग बहुधा तेथेंच लागते. भांडें धरण्यास कोरडें जाड फडकें घ्यावें. ओल्या फडक्यांतून उष्णता झटकन् पोंचते. आंत ज्वाळा दिसली तर *दार उघडूं नये, पाणी टाकूं नये*. मुख्य खटका बंद करावा. हवा न मिळाल्यानें आग बहुधा आपोआप विझते. ती न विझल्यास किंवा बाहेर पसरल्यास सर्वांनीं घराबाहेर पडून अग्निशामक दलास कळवावें. हात भाजल्यास तो वीस मिनिटें गार वाहत्या पाण्याखालीं धरावा. बर्फ, दंतमंजन अथवा तूप लावूं नये.

पालकांस एक विनंति. भट्टीची जागा घरांतील पुरुषमंडळींनीं परस्पर ठरवूं नये. जी माउली दिवसांतून कित्येक वेळां तेथें वावरते, तिला विचारूनच ती ठरवावी. भाजतो तो हात बहुधा तिचाच असतो. आणि मुलगा असो वा मुलगी, दोघांनींही मोठ्यांच्या देखरेखीखालीं हें काम शिकावें. विज्ञान केवळ प्रयोगशाळेंत नसतें. आईचे कष्ट व घरचा धोका ज्यानें कमी होतो तें विज्ञान खरें शिकलें असें समजावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ९२० वॅटची भट्टी २३० व्होल्टवर किती ॲम्पियर प्रवाह घेईल ?
२. व्होल्ट २०० झाले तर मूळच्या किती टक्के उष्णता मिळेल ?
३. रोडगा व भाकरी यांस उष्णता मिळण्याच्या रीतींतील भेद सांगा.
४. आपल्या घरचें स्वयंपाकघर आंखून त्यांत भट्टीची योग्य जागा दाखवा, व ती निवडण्याचीं पांच कारणें आईस समजावून सांगा.