कानाची तयारी : जपानी भाषा ऐकून समजण्याविषयी

परकी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची तक्रार बहुधा एकच असते. पुस्तकातील वाक्य वाचता येते, त्याचा अर्थही लागतो; परंतु तेच वाक्य कोणी बोलून दाखविले, की ते तापीच्या पुरासारखे डोळ्यांदेखत वाहून जाते. जपानी शिकताना ही अडचण विशेष जाणवते. तिचा थोडक्या दिवसांत परिहार कसा करावा, याचा विचार आपण येथे करू.

हा विषय केवळ हौसेचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान या दोन सरकारांत कुशल कामगारांविषयी सहकार्याचा करार झाला. रुग्ण व वृद्ध यांच्या शुश्रूषेसारख्या कामांसाठी त्या योजनेतून जपानला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाला भाषेची परीक्षा द्यावी लागते. जपानी भाषेच्या प्रावीण्य-परीक्षेचे २०१० पासून पाच स्तर आहेत; एन-५ हा सर्वांत सोपा आणि एन-१ सर्वांत कठीण. आपल्याला जवळ असणारे तिचे एक केंद्र पुणे येथे आहे. एन-५ व एन-४ या स्तरांवर एकूण १८० गुणांपैकी ६० गुण श्रवणाचे असतात. त्यांपैकी किमान १९ गुण मिळाले नाहीत, तर इतर भागांत कितीही यश मिळो, उमेदवार अनुत्तीर्ण होतो. शिवाय ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. पान उलटून मागे पाहावे, तशी सोय तेथे नाही.

प्रथम जपानी उच्चाराचे मर्म जाणून घेऊ. ही भाषा मात्रांवर चालते. मराठीच्या तासाला आपण मात्रावृत्तांची मोजणी शिकतो. तीच विद्या येथे उपयोगी पडते. 'निहोन्' म्हणजे जपान. आपल्या रीतीने 'नि' लघु व 'होन्' गुरू, म्हणून मात्रा तीन. जपानी मनुष्यही नि, हो, न् अशा तीनच मोजतो. मात्र आपले आ, ए, ओ हे स्वर नेहमी गुरू असतात, तर जपानीत ते ऱ्हस्वही असतात, एवढा फरक ध्यानी धरावा. 'ओबासान्' म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि 'ओबाआसान्' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे 'ये', आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. 'योक्का' ही चार तारीख, तर 'योओका' ही आठ तारीख. आजारी माणसाला दवाखान्यात केव्हा न्यावयाचे, हे ऐकताना एवढीशी मात्रा चुकली, तर चार दिवसांचा घोळ होतो!

दुसरी गोष्ट क्रियापदाची. जपानी वाक्यात, मराठीप्रमाणेच, क्रियापद शेवटी येते व नकारही तेथेच लागतो. 'इकिमासु' म्हणजे जातो. 'इकिमासेन्' म्हणजे जात नाही. 'इकिमाशिता' म्हणजे गेलो. 'इकिमासेन् देशिता' म्हणजे गेलो नाही. म्हणून वाक्याचा आरंभ समजला की कान सैल सोडणे घातक होय. आपण 'राम' लिहितो, पण शेवटचा अ उच्चारीत नाही. तद्वत् 'देसु' व 'मासु' यांतील शेवटचा उ बोलताना जवळजवळ लोपतो. आणि 'त्सु' हा जो उच्चार अनेक परकीयांना अवघड जातो, तो आपल्या 'चूल' या शब्दात आयताच आहे.

आता अभ्यासक्रम सांगतो. रोज अर्धा तास, असे तीन आठवडे द्यावेत.

पहिल्या आठवड्यात केवळ जोडशब्द, अंक, वार, तारखा व घड्याळातील वेळा ऐकाव्यात. 'इचिजी' म्हणजे एक वाजता आणि 'शिचिजी' म्हणजे सात वाजता. अशा जोड्या नीट ऐकून ओळखाव्यात.

दुसऱ्या आठवड्यात श्रुतलेखन करावे. दोन-तीन वाक्यांचा उतारा तीनदा ऐकून लिहावा, मग मूळ पाठाशी ताडून पाहावा. जेथे चूक झाली तेथे शब्दच अपरिचित होता, की परिचित शब्द कानाने ओळखला नाही, हे वहीत वेगवेगळे नोंदवावे. पहिल्या चुकीवर उपाय शब्दसंग्रहाचा, दुसरीवर पुन्हा ऐकण्याचा. त्यानंतर ध्वनीच्या पाठोपाठ, त्याच चालीवर, ते वाक्य मोठ्याने म्हणावे.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षेप्रमाणे एकदाच ऐकून उत्तर द्यावे. परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर नमुन्याचे प्रश्न ध्वनीसह मिळतात. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने आरंभीचे पाठ हिंदीतूनही सिद्ध केले आहेत. काही प्रश्नांत संवादापूर्वीच प्रश्न ऐकवितात. तो नीट धरून ठेवावा. संवादात 'देमो', म्हणजे 'पण', हा शब्द आला की सावध व्हावे. बोलणाराचा आधीचा बेत तेथे पुष्कळदा बदलतो.

तीन आठवड्यांत भाषा येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जो शब्द ठाऊकच नाही, तो कितीही वेळा ऐकला तरी आवाजच राहतो. परंतु जे शब्द आपण वाचून ओळखतो, ते ऐकूनही ओळखू लागणे एवढ्या अवधीत साधण्यासारखे आहे. बऱ्हाणपूरच्या बाजारात मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी व गुजराती लहानपणापासून आपल्या कानांवर पडतात. भाव एका भाषेत ऐकून उत्तर दुसरीत देण्याची आपल्याला सवय असते. मराठी घरातून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक हे २०१९ मध्ये टोकियोतील एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. मतदारांचे गाऱ्हाणे त्यांच्याच भाषेत ऐकून घेता आल्यावाचून हे घडते ना! तेव्हा ज्या विद्यार्थ्यांना ही भाषा शिकावयाची आहे, त्यांनी वही, पेन्सिल व अर्धा तास एवढी सामग्री आजच जमवावी, आणि 'योक्का' व 'योओका' यांपासून आरंभ करावा.