मणक्याची इजा आणि मनाची मोजणी

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला जबर मार लागला की त्या जागेखालची हालचाल आणि संवेदना कमी होते किंवा जाते. अनेकांचा लघवी-शौचावरचा ताबाही सुटतो. हे डॉक्टर तपासून सांगतात. पण रुग्ण या घटनेचा मनात काय अर्थ लावतो, ते एक्स-रेत दिसत नाही. सारख्याच इजेनंतर एक जण सावरतो, दुसरा खचतो.

इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी महायुद्धातील अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. पुढे तिथेच काम केलेले मानसशास्त्रज्ञ पॉल केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००९ साली मनाचा हा अर्थ मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली मांडली. प्रत्येक विधान आपल्याला किती पटते, ते रुग्ण सांगतो. २०१५ साली अमेरिकेतील माजी सैनिकांवरील अभ्यासातून तिचे सहाच विधानांचे छोटे रूप पुढे आले.

त्यात सहा बाजू पाहिल्या जातात: भीती व निराशा, ‘हे खरेच घडले का’ हा धक्का, अपंगत्वाविषयीची हीन भावना, जिद्द, संकटातून वाढण्याची ताकद आणि आयुष्यावर आपला ताबा आहे ही जाणीव. ही पास-नापासची परीक्षा नाही. कोणाला मानसिक आधार लवकर हवा, एवढे तिच्यावरून कळते. मन बदलते, म्हणून मोजणीही पुन्हा करता येते.

आपल्या सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली त्यांनी जर्मनीत पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले. हे उदाहरण अभिमानाचे आहे, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘त्यांच्यासारखा हो’ म्हणून चालत नाही. आधी त्याला काय वाटते ते विचारायला हवे.

परातीवरून किंवा झाडावरून पडून कंबरेखाली लुळा झालेला भाऊ आपल्या वस्तीतही असू शकतो. त्याच्यासमोर ‘आता याचे काय उरले’ असे कोणी बोलू नये. घरचे निर्णय त्याला विचारून घ्यावेत. तो सतत गप्प राहिला, जेवण टाकले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

पाठीवर उपचार चालू असतानाच मनाची विचारपूस आपण सुरू करू या.