बर्फात ठेवलेलं नीलवंत

घाणेरीच्या गुच्छावर मध पिताना नीलवंत फुलपाखरू पंख थांबवत नाही. सोंड फुलात आणि पुढचे पंख सारखे फडफडत असतात, म्हणून त्याचा स्वच्छ फोटो मिळवणं अवघड. आंबोलीच्या एका फोटोग्राफी कार्यशाळेत मात्र समोरचं नीलवंत पंख पसरून शांत बसलं होतं. भोवती कॅमेऱ्यांचा खटखटाट चालू होता.

मला खटकली ती सोंड. फुलावर बसलेलं, तरी सोंड घट्ट गुंडाळलेली. पायांची पाकळ्यांवर पकडही नव्हती. वाऱ्याची झुळूक आली तसं ते कलंडलं आणि आयोजकाच्या मदतनीसाने पंखाला चिमटीत धरून ते पुन्हा नीट बसवलं. त्याच्या बोटांवर काळे-निळे खवले चिकटले होते. पायाशी डबा होता, आत बर्फाची पिशवी.

फुलपाखरू थंड रक्ताचं. अंग गार पडलं की उडण्याचे स्नायू चालत नाहीत. ते शांत नसतं, हतबल असतं. हे सर्वांसमोर बोललो तर आयोजक म्हणाला, "सगळे असंच करतात, तुम्ही वातावरण खराब करू नका." बाकीचेही माझ्यावरच चिडले. शुल्क परत मागितलं, ते मिळालं नाही, आणि त्याहून जास्त राग त्या 'सगळे असंच करतात'चा आहे. 2015 साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं, त्याची ही गत! शिवाय असा फोटो 'नैसर्गिक अवस्थेत' म्हणून खपवला की पाहणाऱ्याला फुलपाखराचं वागणंच चुकीचं कळतं.

फुलपाखरू असं गार करायची गरजही नसते. पाऊस ओसरल्यावर, ऊन पडलेल्या सकाळी ओढ्याकाठची ओली वाळू बघा. तिथे फुलपाखरांचं चिखलपान, म्हणजे ओल्या मातीतलं पाणी शोषणं, चालतं. येतात ते बहुतेक नर, मातीतल्या क्षारांसाठी, मुख्यतः सोडियमसाठी. पिण्यात रमले की जमिनीसरशी सरपटत अगदी जवळ जाता येतं. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. उडाले तरी जागचे हलू नका. बरेचदा ते तिथेच परत येतात. मादी हवी असेल तर लिंबाच्या झाडापाशी थांबा, ती अंडी घालायला येते.

लहान जाती जवळून टिपताना फोकसची खोली जेमतेम काही मिलिमीटर मिळते. त्यामुळे कॅमेऱ्याची पाठ मिटलेल्या पंखांना समांतर ठेवा, ॲपर्चर एफ 11च्या आसपास. फडफडत्या नीलवंतासाठी शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान. पाणी, टोपी, जळवांपासून पायांचं रक्षण आणि भरपूर सबुरी हवीच.

कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी आयोजकाला लेखी विचारा: फुलपाखरं पकडणार का, हाताळणार का, गार करणार का? गोलमोल उत्तर आलं तर पैसे भरू नका. शुल्क परतीची अटही लेखी घ्या, नुसत्या फोनवरच्या शब्दावर जाऊ नका.