पसंतीक्रम भरण्याआधी

चि. धाकटीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, अर्जातून मेकॅनिकल शाखा वगळून पहिल्या क्रमांकावर कॉम्प्युटर घालण्याचे घरात ठरल्याची बातमी कोथरूडला येऊन पोहोचली आहे, आणि हे मुलीने ठरवले की तिच्या काकांनी, या एका प्रश्नाने मावशीचा जीव थाऱ्यावर नाही. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, हे ठाऊक असूनही जी मुलगी पहिली ओळ दुसऱ्याच्या हाती सोपवते, तिने भौतिकशास्त्रात एवढे गुण कशासाठी मिळवले?

मुलींची शाखा गुणांवर ठरते, ही समजूत अपुरी आहे. पूर्वी कायदाही आड येई: १९४८च्या कारखाने अधिनियमाचे कलम ६६ स्त्रियांना सायंकाळी सातनंतर कारखान्यात कामाला मनाई करत असे. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने सुरक्षिततेच्या आणि ने-आणीच्या अटींवर रात्रपाळी खुली केली, तरी मुलीने संगणकापुढे बसावे आणि चाकणच्या शॉप फ्लोअरवर, म्हणजे यंत्रे प्रत्यक्ष चालतात तिथे, मुलाने उभे राहावे, हा घराघरांतला अलिखित नियम काही बदलला नाही. त्यात लग्नाचा विचार मिसळतो, आणि मुलीला नाही म्हणण्याची वेळच येत नाही. ती आधीच 'झेपणार नाही' म्हणू लागते. खर्चाची सबब मात्र आता टिकत नाही, कारण आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क २०२४-२५पासून पूर्ण माफ झाले आहे, आणि हे घर त्यात बसते.

१९७४मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत 'महिला उमेदवारांनी अर्ज करू नये' असे वाचून सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुण्याच्या कारखान्यात त्या अभियंता म्हणून रुजू झाल्या. त्यांना निदान नकार छापील स्वरूपात मिळाला होता. घरातला नकार मायेच्या आवाजात येतो, म्हणून तो ओळखणे अवघड जाते.

नाना पेठेतल्या आजोबांच्या लेथवर ड्रॉइंग वाचायला मावशी दादाच्या आधी शिकली होती, पण डिप्लोमाला दादा गेला. त्या वेळी तिने मागितले नाही, आणि आजोबांनी कदाचित दिलेही असते, ही रुखरुख अजून जात नाही.

तेव्हा पुन्हा तेच विचारणे आले: पहिली ओळ कोणाची? ती तुझी असेल आणि तिथे कॉम्प्युटरच असेल, तर या पत्रातले रागाचे शब्द विसरून जा, मावशी पेढे घेऊन येईल. मेकॅनिकल मनात असेल तर काकांशी तुला एकटीने बोलावे लागणार नाही. मावशी रविवारी सकाळीच येते आहे. तोवर अर्ज पक्का करू नकोस, आणि जागरणे करून डोळे दुखवून घेऊ नकोस, बाळा.

तुझी मावशी