होडीचा लाकडी कठडा : प्रवाशाचा पहिला आधार

कोकणच्या किनाऱ्याला अनेक खाड्यांनी छेद दिला आहे. दाभोळपाशी वाशिष्ठी आणि जयगडपाशी शास्त्री समुद्रास मिळते. अशा खाडीकाठच्या गावांना तरीची होडी म्हणजे रस्त्याचाच एक तुकडा होय. शाळकरी मुले, बाजाराची टोपली घेतलेल्या स्त्रिया, वृद्ध माणसे तीतून ये-जा करतात. चढता-उतरताना होडी हेलकावली की माणूस आधी हात पुढे करतो. त्या हाताला लागणारा कठडा भक्कम हवा. तकलादू कठडा हा नसलेल्या कठड्याहून अधिक घातक असतो. कारण माणूस विश्वासाने त्याच्यावर आपला सारा भार टाकतो. केबिनच्या छपराच्या कडेस बसवावयाच्या अशा कठड्याचा येथे विचार केला आहे.

मापे होडीवरच घ्यावीत

कोणत्याही दोन होड्यांचा बाक अगदी सारखा नसतो. म्हणून तयार कठडा आणून ठोकू नये. पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायवुडचा साचा छपराच्या कडेवर ठेवून बाक उतरवून घ्यावा. बारा वर्षांच्या मुलाचा व वृद्ध स्त्रीचा हात कोठवर पोहोचतो, हे प्रत्यक्ष पाहावे. मुठीत येणारा भाग सुमारे ३५ मिलिमीटर जाडीचा व गोलसर असावा. त्याच्या खाली बोटांसाठी ४० ते ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी.

लाकूड व घडण

साग सर्वांत योग्य. त्यातील नैसर्गिक तेलामुळे तो पाण्यात टिकतो. सरळ रेषांचे, गाठी नसलेले व चांगले वाळलेले लाकूड निवडावे. आधाराचे पाय व मोकळ्या जागा जवळजवळ सारख्या लांबीच्या आखल्यास रुंद फळी नागमोडी कापून तीतून दोन जुळे कठडे निघतात. एकाचा पाय दुसऱ्याच्या मोकळ्या जागेतून येतो. लाकडाची बचतही होते. बाक फार असेल तर जाड दांडा बळाने वाकवू नये. पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्या साच्यावर एकमेकींस चिकटवून तो घडवावा. सागाचे तेल गोंदाला अडवते, म्हणून चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग द्रावकाने पुसावा. टोके गोल करावीत, म्हणजे पदर किंवा दोर अडकणार नाही.

जोडणी

कठड्याचे बळ लाकडापेक्षा जोडणीत असते. नुसत्या फळीत स्क्रू पिळणे ही नेहमीची चूक होय. प्रत्येक पायातून आरपार बोल्ट घ्यावा, तो शक्यतो छपराखालच्या आडव्या तुळईत जावा. तुळई नसेल तेथे आतून जाड पाठफळी व रुंद वायसर द्यावा. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते, साध्या पितळेतील जस्तही कालांतराने निघून जाते. म्हणून कांस्याचे अथवा सागरी प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. पायाखाली व छिद्रात जलरोधक लुकण भरावे. पाणी मुरून आतले लाकूड कुजले, तर बाहेरून चकचकीत दिसणारा कठडाही एक दिवस हातात येतो. बोल्टचे डोके बुडवून त्यावर त्याच लाकडाची डाट, रेषा जुळवून, बसवावी. शेवटी तेलाचा हात द्यावा. गुळगुळीत वार्निशावर ओला हात निसटतो.

परीक्षा

होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना दोन प्रौढ माणसांनी प्रत्येक पायापाशी कठडा मागे खेचून पाहावा. किंचितही हालचाल दिसली तर बोल्ट पुन्हा तपासावेत. पावसाळ्यापूर्वी व नंतर हीच परीक्षा घ्यावी. १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये होड्यांच्या नोंदणीची व सर्वेक्षणाची तरतूद आहे. होडीतील असे बदल सर्वेक्षकास दाखविणे हिताचे. कठडा जीवरक्षक जाकिटाची जागा घेऊ शकत नाही, हेही विसरू नये.

पंचायत सदस्यांनी दुरुस्तीचे बिल मंजूर करण्यापूर्वी स्वतः होडीपाशी जाऊन कठडा ओढून पाहावा. शिक्षकांनीही मुलांना डोक्यावर किंवा पाठीवर ओझे घेऊन, एक हात मोकळा ठेवूनच होडीत चढण्यास शिकवावे. मोकळा हात आणि भक्कम कठडा, एवढ्याने अनेक अपघात टळतील.